पुंगळीचा आवाज आणि कानांचा हिशोब

मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दवाखान्याच्या वरच आमचे घर असल्याने बेल वाजली की खाली उतरणे आलेच. दारात एक गृहस्थ आणि त्यांचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. मुलाच्या दोन्ही डोळ्यांवर ओला रुमाल, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि दिवा लावला की तो कळवळून तोंड फिरवायचा. ‘‘डॉक्टरसाहेब, याच्या डोळ्यांत कुणी तिखट टाकलं की काय, बघा. जेवेपर्यंत चांगला होता,’’ वडील म्हणाले. घरी कुणाच्या तरी सांगण्यावरून बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून झाल्या होत्या. त्याने काही उतार पडला नाही, म्हणून मग डॉक्टरची आठवण.

मी मुलाला एवढेच विचारले, ‘‘दुपारी वेल्डिंग केलंस का रे?’’ मुलगा गप्प. मग हळूच म्हणाला, ‘‘थोडंसंच केलं, काका. चार टाके मारले फक्त.’’ हकीकत अशी निघाली, की त्याने शहरातून मोटारसायकलसाठी नवी पुंगळी आणली होती. गाडीच्या बेंड पाइपाला ती नीट बसेना. मग मित्राचे वेल्डिंग मशीन आणून घरामागच्या पडवीतच दोघांनी जोड दिला. काच एकच होती, ती मित्राने धरली. हा पुंगळी धरून उभा राहिला, डोळे ‘अर्धे मिटून’.

वेल्डिंगच्या ठिणगीतून जे अतिनील किरण निघतात, ते डोळ्याच्या बुबुळावरचा पातळ पापुद्रा भाजून काढतात. उन्हात पाठ भाजते तसेच हे. गंमत अशी की त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. असे डोळे दोन दिवसांत बहुधा बरे होतात. ते चोळू नयेत, आणि त्यांत दूध, मध, बटाट्याचा रस काही घालू नये. दुखणे थांबवणारे भूल देणारे थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वारंवार टाकू नयेत, त्याने बुबुळाची जखम चिघळते. मुलाला औषध देऊन सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. तो बरा झाला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आठवड्याने तो आईबरोबर आला. मी काही विचारले की तो ‘‘आँ?’’ करायचा. आई म्हणाली, ‘‘हल्ली दूरदर्शनचा आवाज इतका मोठा ठेवतो, की शेजारचे विचारतात तुमच्याकडे कुणाला कमी ऐकू येतं का.’’ रात्री कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, हेही त्याने मग कबूल केले. श्रवण चाचणी करून घेतली. दोन्ही कानांच्या आलेखात चार हजार हर्ट्झपाशी खळगा पडलेला होता. मोठ्या आवाजाने कान खराब होऊ लागले, की हा खळगा पहिल्यांदा तिथेच दिसतो. मुलाचे वय वीस. तालमीत कमावलेले शरीर. आणि कान मात्र आयुष्यभर गिरणीत काम केलेल्या माणसासारखे.

सगळा दोष एकट्या पुंगळीचा, असे मी म्हणणार नाही. कानात खुपसलेले इअरफोन होते, गणपतीतले डीजे होते. पण आधीच्या जुन्या गाडीलाही त्याने वर्षभर अशीच पुंगळी लावली होती आणि तीवरून तो रोज पंचवीस किलोमीटर महाविद्यालयात जात-येत होता, हेही खरे.

हातात पाना धरणे वाईट नव्हे

वाचकांचा गैरसमज नको, म्हणून आधीच सांगतो. घरी गाडी उघडणाऱ्या मुलांबद्दल मला राग नाही. तरुणपणी माझ्याकडे दोन सायलेन्सरची येझदी होती. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी धरायची आणि गाडी गुदमरायची. मग रविवारी अंगणात बसून सायलेन्सरची आतली नळी ओढून काढायची, जाळावर धरून काजळी जाळायची, तारेच्या ब्रशने घासायची आणि पुन्हा बसवायची. हात कोपरापर्यंत काळे व्हायचे, आईची बोलणी बसायची, पण संध्याकाळी गाडी हलकी झाल्यासारखी पळायची, तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. हाताने काम करणारा मुलगा रिकाम्या कट्ट्यावर बसणाऱ्या मुलापेक्षा केव्हाही बरा. फरक एवढाच, की आम्ही सायलेन्सर उघडायचो तो साफ करायला. आजची मुले तो उघडतात ती त्याचे काम बंद पाडायला.

कारण सायलेन्सर म्हणजे शोभेचे नळकांडे नव्हे. इंजिनात पेट्रोलचा स्फोट झाल्यावर तप्त वायू दाबाने बाहेर फेकला जातो. तो सरळ सोडला तर प्रत्येक स्फोट बंदुकीच्या बारासारखा ऐकू येईल. सायलेन्सरच्या आत भोके पाडलेल्या नळ्या, कप्पे आणि काही ठिकाणी काचलोकर भरलेली असते. वायू त्या कप्प्यांतून वळणे घेत जातो, आवाजाच्या लहरी एकमेकींवर आपटून मरतात, उरलेला आवाज काचलोकर खाते. बाजारातल्या पुंगळीत यातले फारसे काही नसते. जे असते ते म्हणजे तोंडाशी बसवलेला ‘डीबी किलर’ नावाचा लहानसा अडसर. आणि तो एका स्क्रूवर असल्याने आमची मुले पहिल्याच दिवशी काढून टाकतात.

‘पण काका, गाडीची ताकद वाढते ना!’ असे मला सांगितले जाते. आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते, हे खरे. पण बेंड पाइपाची लांबी, सायलेन्सरचा आकार आणि इंजिन यांचा मेळ कारखान्यात घातलेला असतो. नुसती पुंगळी बदलली आणि इंधनाचा हिशोब तसाच राहिला, तर खालच्या वेगाला गाडीची ओढ बऱ्याचदा कमीच होते. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत तर धुराच्या नळीतच ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्या सांगण्यावरून गाडी पेट्रोल सोडते. ती नळी कापाकापी करून जोडली, की तिचे गणितच चुकते.

दुसरा युक्तिवाद, मोठ्या आवाजामुळे लोक सावध होतात आणि अपघात टळतो. पुंगळीचे तोंड मागे असते, आवाजाचा मोठा भाग मागेच जातो. समोरून काचा लावून येणाऱ्या मोटारीच्या चालकाला तो उशिरा कळतो. मागे राहिलेल्या म्हातारीच्या छातीत मात्र तो बरोबर पोहोचतो. जीव वाचवणारी वस्तू पाहिजे असेल तर ती हेल्मेट आहे, आणि नेमकी तीच घरी खुंटीला असते.

कानाची ठेव

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या लहरींनी हे केस हलतात आणि मेंदूला संदेश जातो. ही बँकेतली अशी ठेव आहे, की तीतून पैसे काढता येतात पण भरता येत नाहीत. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. त्यावर गोळी नाही, थेंब नाही, शस्त्रक्रिया नाही.

किती आवाज किती वेळ सोसावा याचा हिशोब ठरलेला आहे. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांच्या पुढे नको. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक तास, 97 ला अर्धा तास आणि 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. अडसर काढलेल्या पुंगळीचा आवाज जवळून 100 च्या वर सहज जातो. म्हणजे बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंत जाईस्तोवर दिवसाचा कोटा संपला. त्यात वेगाने जाताना कानांवर आदळणारा वारा वेगळाच.

डेसिबलचा आकडा फसवा असतो, हेही ध्यानात घ्यावे. 80 आणि 100 यांत फरक वीसचा दिसतो, पण आवाजाची शक्ती शंभरपट झालेली असते.

सर्वांत घातक ते ‘फटाके’. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा चालू करायची, न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत साठून फुटते आणि धडाम आवाज होतो. अशा अचानक आवाजाशी कानाची नैसर्गिक ढालही चालत नाही. कानातला एक छोटा स्नायू मोठ्या आवाजाला आखडतो आणि आतल्या पेशींना थोडे वाचवतो, पण त्याला आखडायला क्षणाचा काही भाग लागतो. फटाका त्याच्या आधीच आत पोहोचलेला असतो.

हे झाले स्वारी करणाऱ्याचे. त्याने निदान हौसेने पत्करलेले आहे. गल्लीतल्या तान्ह्या मुलाने, हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या आजोबांनी, दहावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीने काय पत्करले आहे? रात्री दचकून जाग आली की रक्तदाब चढतो, नाडी धावते, आणि माणूस पुन्हा झोपला तरी शरीराने त्याची नोंद ठेवलेली असते. वर्षानुवर्षे हे होत राहिले की रक्तदाब आणि हृदयाचे विकार वाढतात, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 साली रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज रात्री 45 डेसिबलच्या खाली ठेवावा, अशी शिफारस केली. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 च आहे. आकडा दोन्हीकडे एकच. गल्लीतली रात्र तेवढी वेगळी.

पडवीतला कारखाना

घरी पुंगळी बसवण्याच्या कामात डोळ्यांखेरीज आणखी काय काय पणाला लागते, ते माझ्या टेबलावर येणाऱ्या रुग्णांवरून सांगतो.

पोटरी भाजणे नेहमीचे. कंपनीच्या सायलेन्सरवर उष्णता अडवणारा पत्रा असतो, पुंगळीवर बहुधा नसतो. मागे बसलेल्या बाईमाणसाची किंवा लहान मुलाची पोटरी चटकन टेकते. भाजलेली जागा ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. पूर्ण वीस मिनिटे, घड्याळ लावून. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातले काही लावू नये. फोड फोडू नये. मधुमेही माणसाने तर लहानसे भाजले तरी त्याच दिवशी दाखवावे.

ग्राइंडर हे दुसरे प्रकरण. हातातल्या छोट्या ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. आडवे येते म्हणून तिच्यावरचे कवच काढून टाकतात. चकती फुटली तर तुकडा कुठे जाईल, ते देवच जाणे. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर रुमालाच्या टोकाने काढण्याचा उद्योग घरात करू नये. तो गंजतो आणि बुबुळावर कायमचा डाग ठेवून जातो.

वेल्डिंगचा धूर तिसरा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप जोडला, की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. लोक त्याला मलेरिया समजतात. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असते, ते त्याहून वाईट. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 साली वेल्डिंगच्या धुराला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकले आहे. एका दिवसाच्या वेल्डिंगने कर्करोग होतो असे नाही. पण बंद पडवीत नाकासमोर हा धूर घेण्याचे कारणही नाही.

आणि चौथा, न दिसणारा शत्रू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पुंगळी बसवली की आवाज ऐकायचा मोह होतो. रात्र असते, शेजारी ओरडतील म्हणून दार लावून गाडी चालू करतात. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतले बळ जाते, आणि दारापर्यंत जायचे भान राहत नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. त्याला या वायूने भरलेले रक्त प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि ते आकडा चांगला दाखवते. अशा वेळी दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि 108 ला दूरध्वनी करावा.

कंपनीच्या नळीत ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ नावाचा मधाच्या पोळ्यासारखा भाग असतो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंमुळे हा विषारी वायू आणि न जळलेले पेट्रोल बरेचसे निरुपद्रवी होऊन बाहेर पडते. पुंगळीसाठी तो काढून फेकला, की आवाजाबरोबर विषही मोकळे सुटते. ‘जड होतं, काढलं,’ असे मुले सहज सांगतात. फुफ्फुसाला ते जड जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

ज्यांना घरी काम करायचेच आहे, त्यांनी एवढे पाळावे. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय नट सैल करू नये. बेंड पाइपाच्या तोंडाशी असलेले पॅकिंग नवे घालावे, जुने दाबून बसवले तर तिथूनच धूर गळतो. नळीत चिंधी राहिली नाही, हे पाहूनच गाडी चालू करावी, आणि तीही अंगणात, मोकळ्यावर. वेल्डिंग आणि कापाकापी फॅब्रिकेशनवाल्याकडेच द्यावी. घरी करणे भाग पडलेच तर पेट्रोलची टाकी दूर ठेवावी, बॅटरीची तार काढावी, जितकी माणसे जवळ उभी राहतील तितक्या काचा असाव्यात. काचलोकर उघड्या हाताने भरू नये. आणि बसवायचा तो कंपनीच्या जोडीचाच सायलेन्सर. अडसर काढलेली पुंगळी ही दुरुस्ती नव्हे.

दंड कुणाला?

आता मतभेदाचा मुद्दा. पोलीस पुंगळ्या जप्त करतात, रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे आपण पाहतो. कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने आवाज आणि धुराची मर्यादा मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद केली. गाडीत परवानगीवाचून फेरफार करणाऱ्या मालकाला वेगळा दंड सांगितला.

माझे म्हणणे असे, की रोलर फिरतो तो साखळीच्या शेवटच्या कडीवर. ज्या दुकानात ही पुंगळी दर्शनी भागात टांगलेली असते, तिथे कुणी जात नाही. जो मिस्त्री शंभर-दोनशे रुपयांत डीबी किलर काढून देतो, त्याला कुणी विचारत नाही. आणि पुंगळीला पैसे कुणी दिले? बहुतेक वेळा बापाने. ‘पोरगं नाराज नको’ म्हणून. त्या रात्री माझ्याकडे आलेल्या वडिलांनीच मला नंतर सांगितले, ‘‘साहेब, साडेतीन हजार मीच दिले.’’ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी पुढे काही बोललो नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. विकणाऱ्या दुकानांची तपासणी आधी व्हावी, मुलांची नंतर. महाविद्यालयांनी वर्षातून एकदा मुलांची श्रवण चाचणी करून घ्यावी. आपल्याच कानाचा आलेख, त्यातला आपल्याच नावाचा खळगा मुलाने डोळ्यांनी पाहिला, की दहा व्याख्यानांचे काम होते. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असते. तिथल्या पाट्या निदान वाचता येतील इतक्या रंगवाव्यात. आणि गल्लीत रोज रात्री फटाके फुटत असतील तर भांडण न करता 112 वर कळवावे. ते आपले काम आहे, चुगली नव्हे.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. जुना सायलेन्सर माळ्यावर पडला होता. मी त्याला म्हटले, तो दुसऱ्या कुणाकडे नेऊ नकोस, तूच बसव. त्याने बसवला, नवे पॅकिंग घालून, अगदी व्यवस्थित. परवा तो गाडी घेऊन दाखवायला आला होता. दारात गाडी उभी करून म्हणाला, ‘‘काका, आता ती चालू आहे की बंद, तेच मला कळत नाही.’’

मला मात्र वरच्या मजल्यावर बसून ती येताना ऐकू आली होती. माझे वय अडुसष्ट आहे.

त्याची पुढची श्रवण चाचणी सहा महिन्यांनी आहे. आहे तेवढे ऐकू येणे टिकले, तरी आम्ही दोघेही समाधानी असू. आपल्या घरातही वीस वर्षांचा मुलगा असेल आणि तो दोनदा ‘आँ?’ म्हणत असेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याला कान तपासायला न्यावे.